सत्तर टक्के सूट

विमलआत्यानं एका हातानं माझ्या गालाला हळद लावली आणि दुसऱ्या हातानं बाबांचा फोन घेतला. मांडवात बायकांची गाणी रंगात आली होती, काही ऐकू येईना, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला. मग सगळ्यांनाच ऐकू गेलं.

"तृप्तीले पाठव हॉटेलवर. आधार कार्ड घेऊन. ज्याच्या नावावर बुकिंग हाये तेच माणूस पाहिजे म्हणते."

"कोण म्हणते?"

"मॅनेजर."

"त्याले सांग ना, ती नवरी हाये म्हणून."

"सांगतलं. अभिनंदन म्हणे."

गाणं थांबलं. आत्या फोनवरच तडकली. "दिवाकर, डोकं ठिकाणावर हाये का तुह्यं? हळदीची पोरगी उंबऱ्याबाहेर जात नसते. एक डाव अंगाले हळद लागली का लगन लागेपर्यंत घरात. अन् तू तिले हॉटेलवर बोलावतं?"

बाबांचा आवाज एकदम खाली आला. "विमल, वऱ्हाड नांदगाव पेठच्या टोलवर पोचलं. इथं अजून एकाही खोलीची चावी भेटली नाई. गुलाबरावाले मी काय सांगू?"

गुलाबरावांचं नाव ऐकलं आणि आत्या मुकाट्यानं हात पुसून उठली.

गुलाबराव म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्याचे, भूषणचे, मोठे काका. घरचा सगळा कारभार त्यांच्या हातात. भूषणचे वडील मोठ्या भावापुढं तोंड उघडत नसत आणि भूषण वडिलांवर गेला होता. स्थळ मात्र चांगलं होतं. उमरेडला शेतीच्या अवजारांचं दुकान, मुलगा निर्व्यसनी. आणि बैठकीत गुलाबरावांनी स्वतःच सांगितलं होतं, "आमाले हुंडा नको. पोरगी द्या अन् नारळ द्या." अमरावतीत बाबांचं मोटारी बांधायचं लहानसं दुकान. जळालेल्या पंपांत नवी तांब्याची तार भरून देण्यात त्यांचा जन्म गेला. त्या दिवशी घरी आल्यावर ते देवापुढं बसून रडले होते.

नारळानंतर काही किरकोळ गोष्टी निघाल्या. अंगठी जरा वजनदार हवी, कारण चार लोक बघतात. गुलाबरावांना सफारी हवी, कारण ते मोठे. बस एसी हवी, कारण सोबत लेकरं. बाबा प्रत्येक वेळी म्हणायचे, "हुंडा तं नाई ना मागत बिचारे." शेवटी गाडी जानोशावर आली. आमच्याकडं मुलाकडच्या मंडळींची उतरायची सोय मुलीच्या बापानं करायची असते, तिला जानोसा म्हणतात. बाबांनी नगरपालिकेची शाळा ठरवली होती. वर्ग झाडायचे, गाद्या टाकायच्या, पाण्याचा टँकर आणायचा. आमच्या गल्लीतली सगळी लग्नं अशीच पार पडली होती. गुलाबराव फोनवर म्हणाले, "शाळेत उतरायले आमी काय निवडणुकीच्या ड्युटीवर येऊन राह्यलो का?"

ते बोलले म्हणजे झालं. त्यांच्या मोठ्या पुतण्याच्या लग्नात जानोशात अंघोळीचं पाणी गार निघालं, तर त्यांनी अख्खं वऱ्हाड परत बसमध्ये बसवलं होतं. मुलीचा बाप बसपुढं आडवा पडला तेव्हा कुठं खाली उतरले. आमच्या मध्यस्थानं ही गोष्ट आम्हाला कौतुकानं सांगितली होती. "मानी माणूस हाये," असं म्हणाला.

म्हणून हॉटेल. मी तेव्हा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कंत्राटी नर्स होते आणि घरात मोबाइलवरची कामं माझ्याच गळ्यात पडत. बायपासवरच्या एका नव्या हॉटेलवर सत्तर टक्के सूट दिसली. बाबांनी चष्मा लावून खोलीचा फोटो पाहिला. पलंगाकडं त्यांचं लक्षच गेलं नाही, त्यांनी फरशी पाहिली. "पलंग भिंतीले लावला का सात-आठ जण आरामात झोपतात," ते म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. लग्नघरात खोली पलंगावर मोजत नाहीत, गाद्यांवर मोजतात. एक बस वऱ्हाड, सहा खोल्या, गाद्या बिछायत केंद्रातून भाड्यानं. मोबाइलनं एका खोलीत किती पाहुणे असं विचारलं होतं, तिथं आधीपासूनच दोनचा आकडा होता, तो मी तसाच राहू दिला. खाली बारीक अक्षरांत काहीतरी होतं. ते दाबल्याशिवाय पुढं जाता येईना, म्हणून दाबलं. पैसे तिथल्या तिथं कापले गेले. त्या संध्याकाळी बाबांनी भेटेल त्याला सांगितलं, "सत्तर टक्के!"

तर आता मी आत्यासोबत ऑटोत बसले होते. आत्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत शालीत गुंडाळलं होतं आणि हातात अडकित्ता दिला होता. लोखंड हातात असलं की बाहेरचं वारं लागत नाही म्हणतात. ऑटोवाला आरशातून सारखा माझ्याकडं बघत होता.

"समोर पाह्य ना, बापू," आत्या त्याच्यावर खेकसली. "हळद नाई पाह्यली का कधी?"

हॉटेलच्या गेटाबाहेर बिछायतवाल्याचा टेम्पो गाद्यांसकट उभा होता. वॉचमन त्याला आत सोडत नव्हता. आत, काचेच्या दारापलीकडं, बाबा काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे होते. नवा पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता. मला बघून त्यांचा चेहरा एकदम उजळला, जणू आता सगळं सुरळीत होणार.

मॅनेजर तिशीच्या आतला, टाय लावलेला. आवाज असा मऊ की मी पेशंटला सुई टोचण्याआधी बोलते ना, तसा.

"काँग्रॅच्युलेशन्स, मॅडम. आधार? थँक्यू. गेस्ट किती येताहेत?"

"चाळीसेक."

"बुकिंग बाराचं आहे."

"बारा कशाचं? सहा खोल्या आहेत."

"एका रूमला दोन, मॅडम. फार तर तीन होतील, एक्स्ट्रा पर्सनचा चार्ज घेऊन."

"खाली झोपतील ना सारे," बाबा म्हणाले. "गाद्या आमच्या हायेत. तुमच्या पलंगाले हातबी नाई लावत."

"बाहेरच्या गाद्या अलाउड नाहीत, काका. आमची घ्यावी लागेल. तिचा चार्ज वेगळा." त्यानं कॅल्क्युलेटर पुढं ओढला. "आणि चेक-इन दुपारी आहे. आत्ता सकाळी रूम उघडायच्या तर अर्ली चेक-इन लागेल. शिवाय हा लग्नाचा ग्रुप आहे ना? ऑफर ग्रुपला लागत नाही. फॅमिलीसाठी असते."

"मंग आमी लगन कायसाठी लावून राह्यलो?" आत्या म्हणाली. "फॅमिलीच होऊन राह्यली ना!"

तो आत्याकडं बघून छान हसला. "आणि हळदीचं डिपॉझिट. चादरी, टॉवेल, भिंती. डाग निघत नाहीत." असं म्हणून त्यानं काउंटरकडं पाहिलं. मी हात पटकन मागं घेतला. पांढऱ्या फरशीवर माझी पाच पिवळी बोटं उमटली होती.

त्यानं कॅल्क्युलेटर आमच्याकडं वळवला. बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. सूट घेतली नसती तरी एवढे पैसे लागले नसते.

"चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला," आत्या पुटपुटली.

"रद्द करा," मी म्हणाले. "आमचे पैसे परत द्या, आम्ही दुसरीकडं बघतो."

"ऑफरच्या बुकिंगला रिफंड नसतो, मॅडम. तुम्ही टिक केलंय तसं."

दुसरीकडं तरी कुठं बघणार होतो? लग्नसराईचे दिवस. शाळा आम्ही सोडून दिली होती, तिथं कसलंसं शिबिर लागलं होतं. माझ्या हातापायांना घाम सुटला आणि हळद ओघळायला लागली. मी बाजूला जाऊन दवाखान्यातल्या दोन मैत्रिणींना फोन केला. दोघींनी ऐकून घेतलं, दोघीही रडवेल्या झाल्या. आमच्या कुणाचाच पगार झाला नव्हता. तिसरा नंबर लावायला गेले तर तिसरं नावच आठवेना.

मी वळून पाहिलं तेव्हा बाबांनी पाकीट काढलं होतं. ते उद्याच्या स्वयंपाक्याचे पैसे होते. आत्यानं त्यांचा हात धरला. "हे दिले तं उद्या लोकाईले काय खाऊ घालशील?"

"आज राह्यले तं उद्या जेवतीन ना!" बाबा ओरडले. माझ्या आठवणीत ते तेवढं एकदाच बहिणीवर ओरडले. मग त्यांनी पाकीट काउंटरवर ठेवलं आणि पलीकडून मॅनेजरचा हात धरला. "साहेब, तुमच्या वडलाच्या वयाचा हाये मी. एवढे घ्या. बाकी मी आठवड्यात आणून देतो. दुकान हाये माह्यं इतवारा बाजारात, कोणालेबी विचारा. माह्या पोरीचं लगन मोडते हो."

मॅनेजरनं हात हळूच सोडवून घेतला. "काका, माझ्या हातात असतं तर नक्की केलं असतं. पण सिस्टीम घेतच नाही."

बाबा काउंटरच्या या बाजूनं त्या बाजूला जायला लागले. मला कळलं, ते त्याचे पाय धरायला निघालेत. मी आडवी गेले. त्यांना धरलं, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांची भीती वाटली. भीती ही, की आज हा माणूस कुणाच्याही पायाशी जाईल आणि मी बघत राहीन.

त्याच वेळी बाहेर बसचा हॉर्न वाजला.

सगळ्यांत आधी गुलाबराव उतरले, आम्ही दिलेल्या सफारीत. मागून पेंगुळलेली लेकरं, बाया, बॅगा. वॉचमननं बाकीच्यांना बाहेर थांबवलं, पण गुलाबरावांना अडवायची त्याची छाती झाली नाही. त्यांच्यामागं भूषण आला, त्याचे वडील आले आणि सर्वांत शेवटी भूषणची आई. तिच्या हातात लाल फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा होता. आमच्यात घरची हळद झाली की नवरदेवाची उष्टी हळद येते, आणि ती त्याच्या आईनंच आणायची असते.

"हे काय?" गुलाबराव मला बघून जागीच थांबले. "नवरी जानोशावर?"

"काही नाई दादा," बाबा पुढं झाले. "खोल्या साफ करून राह्यले. पाचच मिनिटं. चहा घ्या ना तोपर्यंत."

गुलाबराव माझ्याकडं बघत होते. खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. "नाही काका," मी म्हणाले. "इथं बाराच जणांचं बुकिंग निघालं. वरचे पैसे मागताहेत. ते आमच्याजवळ नाहीत."

बाबांनी डोळे मिटले. मीही 'बस फिरवा' हे शब्द ऐकायची तयारी केली. आत्या देवाचं नाव घ्यायला लागली.

गुलाबराव हसले. काउंटरवरचा कॅल्क्युलेटर उचलून त्यांनी आकडा पाहिला आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "दिवाकरराव, एवढ्यासाठी घाम फुटला तुमाले? आमी भरतो. आता काय तुमचं न् आमचं."

बाबांनी त्यांचा तो हात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. मी मनातल्या मनात त्या माणसाची माफी मागितली. मध्यस्थानं सांगितलेलं सगळं खोटं होतं, हा तर देवमाणूस होता.

"बसा ना, बसा," गुलाबरावांनी बाबांना सोफ्यावर बसवलं आणि शेजारी बसले. "फक्त एक हाये. पोरीचा पगार दोन वर्षं तुमच्याकडे द्याचा ठरला होता, तुमच्या लहान्या पोराच्या शिक्षणासाठी. ते आता राहू द्या."

"हाव दादा."

"मंग दिवाळसणाले भूषणले एक गाडी पाहून ठेवजा. नवीच पाहिजे असं काही नाई."

"हाव."

"अन् ती तुमची दुकानाची जागा. एकट्या पोराच्या नावानं नका करू. तृप्तीचंबी नाव टाका. कायद्यानं तिचंबी हायेच ना?"

"हाव दादा, हाव."

बाबा आता पूर्ण ऐकून घेत नव्हते. गुलाबरावांचं वाक्य अर्धं असतानाच ते 'हाव' म्हणत होते, हातानं गुडघा चोळत होते, आणि प्रत्येक वेळी हसून माझ्याकडं बघत होते, की बघ, जमलं. गुलाबरावांचा आवाज मऊ होता. तोच आवाज मी मघापासून काउंटरवर ऐकत होते.

मी भूषणकडं वळले. तो माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. चार महिने आम्ही फोनवर बोलत होतो. मी झोपले का, जेवले का, सगळं विचारायचा तो.

"अजून काय काय आहे?" मी विचारलं. "जे असेल ते एकदाच सांगा. आत्ता, इथंच. मी बाबांना सगळं मिळून एकदाच विचारते, की जमेल का."

त्यानं बुटांकडं पाहिलं. "मोठे काका सांगतील ना."

"तुम्हाला माहीत नाही?"

"मोठ्यायच्या गोष्टीत मी नाई पडत."

आज लोक विचारतात, तेव्हाच तू ठरवलंस ना? नाही. मी काहीच ठरवलं नव्हतं. बाबांनी एवढं कबूल केलं होतं, मीही केलं असतं. घरी आई वाट बघत होती, अंगाला हळद होती, पत्रिका गावभर वाटून झाल्या होत्या. माझ्यापुढं दुसरा रस्ताच नव्हता. मी शाल सावरली.

"चला, झालं तं मंग," गुलाबराव उठले आणि त्यांनी खिशातून कार्ड काढलं. "भूषणची आई, पोरगी समोरच हाये. लावून द्या उष्टी हळद. शुभ काम कायले लांबवाचं?"

भूषणची आई पुढं आली. या बाईला मी त्याआधी दोनदा पाहिलं होतं, पण तिचा आवाज कधी ऐकला नव्हता. तिनं फडकं सोडलं, झाकण काढलं, बोट हळदीत बुडवलं आणि माझ्या कपाळाजवळ आणलं. तिथं ते बोट थांबलं.

"त्याले नको विचारू, माय," ती म्हणाली. "त्याले नाई माहीत. मले विचार."

"भूषणची आई," गुलाबराव म्हणाले.

"माह्याबी बापाले यायनं एवढंच म्हणून सांगतलं होतं. मंग दोन बकऱ्या नेल्या. मंग विहिरीचं इंजन. मंग नणंदेच्या लग्नाची भांडी. दर सणाले म्हणत, फक्त एक हाये." ती कुणावर ओरडत नव्हती. आमटी कशी करायची ते सांगावं तसं सांगत होती. "बाप मेला तवा थांबलं. त्याच्या आधी नाई थांबलं."

तिनं हळदीचं बोट आपल्याच पदराला पुसलं आणि डब्याचं झाकण लावलं.

"बसमध्ये जाऊन बस!" गुलाबरावांचा मऊ आवाज कुठल्या कुठं गेला. "तुह्यं डोकं फिरलं काय?" भूषणचे वडील भिंतीवरचं चित्र बघायला लागले. भूषण म्हणाला, "आई, कायबी बोलून राह्यली तू." ती जागची हलली नाही.

मी बाबांच्या शेजारी जाऊन बसले. "बाबा, घरी चला."

त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं. अडकित्ता खाली पडला. "असं नको करू, बेटा. लोक काय म्हणतीन? हळद लागली तुले. हळद लागलेली पोरगी कोण करीन? मी भरतो ना. मी सारं भरतो. हातपाय चालून राह्यले ना अजून माह्ये." ते काकुळतीला येऊन बोलत होते. जे मॅनेजरला म्हणाले होते तेच आता मला म्हणत होते. "तुह्यं कसं होईन?"

माझं कसं होईल ते मलाही ठाऊक नव्हतं. मी तसंच सांगितलं. "माहीत नाही, बाबा. पण तुम्ही भरत मराल. मला ते बघवणार नाही."

बाबा वर बघायला लागले. भूषणची आई अजून तिथंच उभी होती, डबा छातीशी धरून. ते तिच्याकडं खूप वेळ बघत राहिले. मग त्यांनी माझं मनगट सोडलं. गुलाबरावांकडं वळून मान हलवली, नाही म्हणून.

बोलली ती विमलआत्या. डोक्यावर पदर घेऊन ती गुलाबरावांपुढं उभी राहिली. "मांडवात पोहे झाले हायेत. लेकरं उपाशी हायेत तुमची. खाऊन जा. आमी कोणाले उपाशी नाई पाठवत. पण लगन नाई."

"बस फिरवा!" गुलाबराव ओरडले.

ज्या दोन शब्दांच्या धाकानं आम्ही महिनाभर झोपलो नव्हतो, ते शेवटी आलेच. लोक पुन्हा चढले. एक लेकरू लघवीला म्हणून रडत होतं, त्याला तसंच उचलून नेलं. भूषण चढताना एकदा थांबला, पण मागं वळला नाही. ड्रायव्हरनं बस सुरू केली.

आणि बाबा उठून पळत सुटले. आत्या "दिवाकर!" म्हणून किंचाळली. गुलाबरावांनीही त्यांना पळत येताना पाहिलं. पुढच्या सीटवरून त्यांनी हात करून ड्रायव्हरला थांबवलं आणि आरामात मागं टेकून बसले. मुलीचा बाप आता काय करतो, याची त्यांना सवय होती.

बाबा बसच्या पुढं गेलेच नाहीत. ते मागं गेले, अगदी शेवटच्या सीटपाशी. भूषणच्या आईला तिथं बसवलं होतं. त्यांनी काचेवर हात मारला. एसी बसची काच उघडत नाही, म्हणून त्यांना मोठ्यानं बोलावं लागलं, आणि सगळ्यांनी ऐकलं.

"ताई, तुमी उतरा. आमच्या घरी चला. भावाचं घर समजा. आता तिकडे नका जाऊ."

मी त्यांच्या मागं येऊन पोचले होते. काचेतून तिचा चेहरा दिसत होता. तिला ऐकू गेलं की नाही कळेना. मग तिनं डबा मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात जोडले. मान हलवली. नाही. तिचे ओठ हलले, पण काय म्हणाली ते काचेमुळं ऐकू आलं नाही. बोटानं तिनं माझ्याकडं दाखवलं आणि मग शहराकडं, घराच्या दिशेनं. हिला घरी न्या, असं असावं.

बस गेली. बाबा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते, म्हणून आत्यानं त्यांना ओढून कडेला आणलं.

हॉटेलचे पैसे परत मिळाले नाहीत. लोकांनी वर्षभर आमच्यावर तोंडसुख घेतलं, हळद लागून राहिलेली पोरगी म्हणून बायका मला सणावाराला बोलवेनात. पुढं माझं लग्न झालं, पण ते बऱ्याच उशिरा आणि नारळावरच. ती वेगळी गोष्ट. त्या सकाळी मात्र आम्ही तिघं ऑटोत बसलो तेव्हा पुढचं काहीच माहीत नव्हतं. आई दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभी असणार, तिला काय सांगायचं याचाच मी विचार करत होते.

अर्ध्या वाटेत बाबांनी विचारलं, "विमल, त्या बाईचं नाव काय व?"

आत्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. बाबांनी खिशातून लग्नाची पत्रिका काढली आणि चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली. 'सौ. व श्री. नामदेवराव देवतळे यांचे चिरंजीव' असं छापलं होतं. बाबांनी पत्रिका उलटून मागंही पाहिलं. तिचं नाव कुठंच नव्हतं.